आधी खाली बघा, मग वर: मुंबईजवळच्या रानवाटांवरची उन्हाळी फुलं कशी पाहावीत

रानफुलं म्हटली की डोळ्यांसमोर भाद्रपद येतो, पायाशी पसरलेला तेरडा नि सोनकी येते. तीच सवय घेऊन कुणी एप्रिलमध्ये बोरिवलीच्या किंवा येऊरच्या जंगलात शिरलं तर हाती काही लागत नाही. गवत वाळून कोळ झालेलं, कारवीच्या नुसत्या काड्या, वाटेवर सागाच्या पानांचा खच. अकरा वाजेपर्यंत घामाघूम होऊन मंडळी परततात आणि सांगतात, 'उन्हाळ्यात काहीच नसतं.'

असतं. फक्त ते पायाशी नसतं, डोक्यावर दहा-पंधरा मीटर उंच असतं. छोट्या रोपांना उन्हाळ्यात जमिनीच्या वरच्या थरात पाणीच मिळत नाही, म्हणून ती बी नाहीतर कंद होऊन पावसाची वाट बघतात. झाडांची मुळं खोल असतात, त्यांना ते परवडतं. शिवाय पानं गळलेली असली की फुलं लांबून दिसतात, पक्ष्यांना आणि माश्यांनाही. काही झाडं रात्री फुलतात आणि उजाडायच्या आत फुलं टाकून मोकळी होतात. तेव्हा उन्हाळी फुलं पाहण्याची पद्धत पावसाळ्याच्या उलट: आधी वाटेवर पडलेलं फूल वाचायचं, मग त्याचं झाड शोधायचं.

कधी जायचं

'उन्हाळा' हा एकच हंगाम धरून चालत नाही, दर पंधरा दिवसांनी पाळी बदलते. होळीच्या आसपास पळस, पांगारा, काटेसावर आणि शिवण. त्याच सुमारास झुडपांमध्ये धायटीची तांबडी नळकांडी, उक्षीचे हिरवट घोस आणि करवंदीची पांढरी फुलं. मार्च-एप्रिलमध्ये कुंभा, मोह, वारस. एप्रिलच्या मध्यापासून बहावा आणि दोन्ही कुडे, ओढ्यांच्या कडेला तामण, संध्याकाळी वासावरून सापडणारी कुसर म्हणजे रानजाई. मेअखेर झाडांवरच्या आमरी, म्हणजे ऑर्किड. वळवाची पहिली सर पडली की सगळा खेळ जमिनीवर उतरतो, त्याबद्दल शेवटी.

या तारखा दगडावरची रेघ नव्हेत. दक्षिणेकडच्या तापलेल्या उतारावरचा पळस आणि नाल्यातला पळस यांच्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर सहज पडतं. बहावा फुलल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असा मेसेज दरवर्षी फिरतो. प्रश्न एवढाच की दिवस मोजायचे कोणत्या बहाव्यापासून? रस्त्याकडेचा बहावा एप्रिलमध्येच पिवळाधमक होतो आणि दरीतला मेच्या अखेरीपर्यंत चालतो.

एखादी वाट खरोखर कळून घ्यायची असेल तर पाच वेगवेगळ्या ठिकाणी जाण्यापेक्षा त्याच दोन-तीन किलोमीटरवर मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी जा. सात-आठ फेऱ्या होतात. चौथ्या फेरीपासून झाडं ओळखीची होतात.

कुठे

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुंबईकरांना सगळ्यात सोयीचं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आणि लोकल स्टेशनपासून चालत. कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता नवशिक्यांना उत्तम आहे. झाडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी दिसतात आणि डांबरावर पडलेलं फूल पाचोळ्यात हरवत नाही. शिलोंढा, नागला यांसारख्या आतल्या वाटांवर वनखात्याची परवानगी आणि बरोबर वाटाड्या लागतो. आठवड्याच्या सुट्टीत रांग मोठी असते, तेव्हा परवानगीची चौकशी आधीच करा. उद्यान सोमवारी बंद असतं, हे विसरून गेटवरून परतणारे दर आठवड्याला असतात.

माथेरानचा माळ निराळा. सुमारे ८०० मीटर उंची, जांभा दगड आणि सावली देणारं दाट रान. दस्तुरी नाक्यापुढे गाड्यांना बंदी असल्यामुळे सगळं चालतच बघायचं. इथली खास चीज म्हणजे अंजन: फांद्यांच्या पेरांवर थेट चिकटलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे बारीक झुबके. फूल मसुराएवढं, पण अख्खी फांदी निळी दिसते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाऊन बघावं. मेमध्ये गेलात तर करवंदं खायला मिळतील, अंजन नाही.

कर्नाळा, येऊर, तुंगारेश्वर ही तिन्ही ठिकाणं चांगली आहेत. पण कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं लागतात, त्यामुळे फुलांसाठी गेलात तर खालच्या जंगलातच रमा, किल्ल्याचा हट्ट नको.

पिशवीत काय

माणशी तीन लिटर पाणी. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि मिठासकट पाणी जात राहतं. म्हणून त्यातलं एक लिटर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम असू द्या. पाण्याचा हिशोब सोपा आहे: निम्मं संपलं की मागे फिरायचं, समोर कितीही सुंदर बहावा दिसत असला तरी.

सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायघोळ पँट, टोपी. बूट चांगल्या पकडीचे हवेत, कारण उन्हाळ्यात मुरमाड उतारावर घसारा असतो आणि सागाची वाळकी पानं साबणासारखी सरकतात. साधे हंटर शूज पुरतात.

बघण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत. आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण (८ बाय ४० किंवा ८ बाय ४२), कारण झाडाच्या शेंड्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघून फक्त मान दुखते. दहा पटीचं भिंग. पंधरा सेंटीमीटरची पट्टी. एक पांढरा रुमाल, ज्याचा उपयोग पुढे सांगितला आहे. वही आणि पेन्सिल, पेन नको, घामाच्या हाताखाली शाई पसरते. आणि काळी छत्री. लोक हसतील, हसू द्या.

सकाळी सात-साडेसातला वाटेवर असावं, अकराच्या आत बाहेर. उन्हासाठी तर हे आहेच, पण फुलांसाठी जास्त. मोहाची फुलं हरणं नि मुंग्या साफ करतात. वारसाचं रात्री उमललेलं पांढरं फूल नऊपर्यंत ताजं असतं आणि अकराला तपकिरी चिंधी होतं, मग त्याचं काहीच सांगता येत नाही.

पडलेलं फूल कसं वाचायचं

वाटेवर फूल दिसलं की लगेच वर बघू नका. आधी ते कसं पडलंय ते बघा. पाकळ्या सुट्या विखुरल्यात की फूल अख्खं, नळीसकट पडलंय? सुट्या असतील तर त्या मुळातच एकमेकींपासून वेगळ्या. अख्खी नळी किंवा घंटा पडली असेल तर त्या तळाशी जुळलेल्या. एवढ्या एका गोष्टीने निम्मी झाडं बाद होतात. बहाव्याखाली सुट्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा असतो. शिवणीखाली मात्र पिवळी-तपकिरी, वाकड्या ओठांची, लवदार फुलं अख्खीच्या अख्खी पडलेली असतात. दोन्ही पिवळी, दोन्ही झाडं अशा वेळी जवळजवळ निष्पर्ण, आणि तरीही चूक व्हायला नको.

मग रुमाल पसरा आणि त्यातल्या त्यात ताजं फूल त्यावर ठेवा. खालून वर मोजा: हिरव्या वाटीचे दात किती, पाकळ्या किती, पुंकेसर किती आणि ते पाकळीला चिकटलेत की सुटे. पट्टी लावून रुंदी घ्या. वास घ्या, पण नाकात घालून नव्हे, आत मुंग्या असतात. आकडे लगेच लिहा. 'पाच पाकळ्या होत्या की सहा' हा वाद घरी गेल्यावर सुटत नाही.

पांढऱ्या रुमालाचा खरा फायदा बहाव्यात दिसतो. दहा पुंकेसरांतले तीन लांब, वर वळलेले, हत्तीच्या सोंडेसारखे, चार मध्यम, तीन अगदी आखूड. मधल्या परागकोशांचं काम निराळं: त्यांची तोंडं बारीक छिद्रांची असतात आणि नुसतं हलवून पराग पडत नाहीत. काळा भुंगा फुलाला कवटाळून जोरात गुणगुणतो, त्या कंपनाने पराग उडतो. सकाळी आठच्या सुमाराला फुललेल्या बहाव्याखाली दहा मिनिटं उभे राहिलात तर हा आवाज ऐकू येतो, भुंगा उडताना येतो त्याहून तो चढा आणि तुटक असतो.

कुंभ्याची ओळख तर जमिनीवरच पक्की होते. त्याचे शेकडो पुंकेसर तळाशी एकमेकांना जोडलेले असतात आणि सगळे मिळून गळतात. पाचोळ्यावर गुलाबी-पांढऱ्या केसांची कडी पडलेली दिसते, मधोमध भोक, दाढी करायच्या ब्रशचा गोल काढून ठेवावा तशी. ही कडी दिसली की वर खडबडीत सालीचं, मोठ्या पानांचं झाड असणारच. फांदीच्या टोकाला गाठीसारखे हिरवे बीजकोश शिल्लक असतात.

आता झाड शोधायचं. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, आणि तीन प्रकारे.

पहिली, वेल. ऐनाखाली शेंदरी पळसफुलं पडलेली दिसतात आणि नवखा 'ऐनाला पळसासारखी फुलं' असं लिहून मोकळा होतो. वर ऐनावर पळसवेल चढलेली असते. खोडाला मनगटाएवढा दुसरा दोर बिलगला आहे का ते तपासा.

दुसरी, बांडगूळ. आंब्याखाली शेंदरी-तांबड्या नळ्या, टोकं हिरवट. आंब्याला असली फुलं येत नाहीत. दुर्बिणीतून बघितलं की फांदीवर वेगळ्या, जाड पानांचा झुपका दिसतो.

तिसरी, वारा आणि वानरं. दोन-चार फुलं इकडेतिकडे पडली असतील तर ती कुठूनही आलेली असू शकतात. झाडाच्या घेराएवढं वर्तुळ भरून फुलं पडलेली असतील तरच त्या झाडाचं नाव घ्या.

झाड सापडलं की साल आणि पान. पान एकाआड एक आहे की समोरासमोर? साधं की संयुक्त, म्हणजे एकाच देठावर पानांसारख्या दिसणाऱ्या अनेक पर्णिका असलेलं? संयुक्त पानाची पर्णिका म्हणजेच पान असं समजणं ही कायमची चूक. त्याची युक्ती: जिथे देठ फांदीला मिळतो त्या बगलेत कळी असते. कळी सापडते तिथून पुढे सगळं मिळून एक पान. पर्णिकेच्या बगलेत कळी कधीच नसते. निष्पर्ण झाडाखाली गेल्या वर्षीची पानं पाचोळ्यात असतात, पण ती शेजारच्या झाडाचीही असतात. वाळक्या शेंगा मात्र फांदीवरच लटकलेल्या असल्या तर त्या पुराव्याला तोड नाही.

नेहमी चुकणाऱ्या जोड्या

कुडा. यावर जितका गोंधळ होतो तितका दुसऱ्या कशावर होत नाही, कारण काळा कुडा आणि पांढरा कुडा दोघांचीही फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, दोघांनाही चीक, दोघांची पानं समोरासमोर आणि दोघेही एप्रिल-मेमध्येच फुलतात. फुलाच्या मधोमध बघा. काळ्या कुड्याच्या मध्यभागी झालरीसारखा पांढऱ्या तंतूंचा मुकुट असतो, भिंगातून तर साखरेच्या दोऱ्या लावल्यासारखा दिसतो. पांढऱ्या कुड्याचा मध्य साधा, नुसतं नळीचं तोंड. दुसरी खूण शेंगांची. दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या जोडीची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, चिमटा उलटा धरल्यासारखी, आणि पांढऱ्याच्या सुट्या. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, पांढरा म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसन्स. एरवी मराठी नावावर भागतं, इथे नोंदीत शास्त्रीय नाव लिहाच, कारण गावागावांत काळा-पांढरा उलटापालटा होतो. पाकळ्या भिंगरीसारख्या पिरगळलेल्या असतील तर ते दोन्ही नाहीत, तो नागलकुडा.

पळस आणि पांगारा: दोघांना तीन-तीन पर्णिका, दोन्ही तांबूस, दोघांवर मैना आणि सूर्यपक्ष्यांची गर्दी. पळसाची फुलाची वाटी काळपट मखमली आणि पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. पांगाऱ्याची एकच पाकळी मोठी, बाकीच्या नावापुरत्या, आणि फांद्यांना काटे. खोडाला हात लावण्याआधी बघा.

वारस आणि मेडशिंगी: दोघांचीही पांढरी, सुगंधी, कडा चुरगळलेली फुलं रात्री उमलून सकाळी खाली. फुलावरून अडलात तर शेंग बघा. मेडशिंगीची चपटी आणि मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली, नाव त्यावरूनच पडलं. वारसाची जाड, सरळ आणि आत चार कप्पे.

उक्षीच्या बाबतीत 'फुलाच्या पाकळ्या हिरवट' असं लिहू नका. तिला पाकळ्याच नसतात. दिसतात ती निदलं, म्हणजे वाटीचे दात, आणि फळ धरल्यावर तीच वाळून भिंगरीचे पंख होतात.

आणि एक कटू गोष्ट: जंगलात दिसलं म्हणजे ते रानफूल, असं नाही. मार्चमध्ये उतारावर गुलाबी बहर दिसतो तो बहुधा ग्लिरिसिडियाचा, म्हणजे उंदीरमारीचा, लागवडीतला. गुलमोहर मादागास्करचा. घाणेरीची रंगीबेरंगी फुलं फुलपाखरांना आवडतात, पण तीही परकीच. यांची नोंद जरूर करा, फक्त वेगळ्या पानावर. तामण तेवढं दोन्हीकडे दिसतं: महाराष्ट्राचं राज्यफूल म्हणून शहरात लावलेलं आणि ओढ्याकाठी मूळचं.

फोटो

एकच सुंदर फोटो ओळखीसाठी निरुपयोगी असतो. सहा हवेत: अख्खं झाड, साल, फांदीवर पानं कशी लागलीत, पानाची खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने (वाटी दिसेल असं). फळ असेल तर सातवा. एका फोटोत पट्टी ठेवा.

मोबाईलने अगदी जवळ गेलात की फूल धूसर येतं. वीतभर मागे या आणि दुप्पट झूम करा. पांढरी आणि पिवळी फुलं उन्हात जळून येतात, पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात. स्क्रीनवर दिसणाऱ्या फुलावर बोट टेकवून उजेड एक-दोन पायऱ्या उतरवा. इथे छत्री कामाला येते. उघडून धरली की फुलावर मऊ सावली, मिटून मागे धरली की काळी पार्श्वभूमी. कुड्याचा मुकुट काळ्या छत्रीसमोर जसा दिसतो तसा आकाशासमोर कधीच दिसत नाही.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकले तर जाणकार नाव सुचवतात. ॲपने आपोआप सुचवलेलं पहिलं नाव तसंच स्वीकारू नका, ते बऱ्याचदा बागेतल्या भाऊबंदांचं असतं. आमरीची नोंद टाकताना ठिकाण धूसर करण्याचा पर्याय निवडा. नेमकी जागा कळली की फांदीसकट आमरी काढून नेणारे असतात.

फूल घरी नेऊ नका, पडलेलंही नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून वनस्पती काढणं, नेणं बेकायदा आहे. रुमालावर वाचून झालं की तिथेच ठेवून द्या.

काय बिघडतं

मधमाश्या पहिल्या. फुललेलं झाड म्हणजे त्यांचं कामाचं ठिकाण, आणि आग्या मोहोळ कड्यांवर, उंच फांद्यांवर असतं. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, दगड मारणाऱ्या सोबत्याला घरी ठेवा. एकदोन माश्या डोक्याभोवती घोंगावू लागल्या तर हात न झटकता मागे फिरा. थवा आलाच तर तोंड-नाक झाकून सरळ पळा आणि गाडीत किंवा बंद खोलीत शिरा. काटा जितक्या लवकर निघेल तितका चांगला, नखाने खरवडला तरी चालेल. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली की घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय.

खाजकुइलीच्या शेंगा उन्हाळ्यात वाळलेल्या असतात, सोनेरी तपकिरी लव असलेल्या, एस आकाराच्या. मखमल समजून हात लावला की संपलं. खाज सुटल्यावर चोळलं तर लव आणखी आत जाते. चिकटपट्टी लावून उचला, दोन-तीनदा नवी पट्टी घ्या, मग गार पाण्याने धुवा, कपडे बदला. त्यासाठी पिशवीत चिकटपट्टीचं रीळ असावं.

चीक येतो का बघायला पान तोडणारे हौशी असतात. कुड्याचा चीक फारसा त्रास देत नाही, पण निवडुंगाचा डोळ्यात गेला तर इजा होते आणि बिब्ब्याच्या रसाने फोड येतात. नाव माहीत नसलेल्या झाडाचं पान तोडायचं नाही, एवढं पाळलं तरी भागतं.

पाचोळ्यात बसण्याआधी काठीने जागा हलवा. घोणस पाचोळ्यात पाचोळ्यासारखीच दिसते. आणि बोरिवली-येऊरच्या बाजूला बिबट्या आहे. तो उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, पण उकिडवा बसलेला माणूस लहान दिसतो. म्हणून जमिनीवरच्या फुलाचा फोटो काढताना दुसऱ्याने उभं राहून आजूबाजूला लक्ष ठेवावं आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडावं. एकट्याने जाऊ नये हे वेगळं सांगायला नको.

काडेपेटी, सिगरेट नाही. वाळलेल्या गवताला ठिणगी पुरते, आणि वणव्यात जमिनीलगतचे कोंब आणि रोपं पहिली जातात. २०२४ मध्ये कारवी फुलली, पुढचा बहर आठ वर्षांनी, म्हणजे २०३२ मध्ये. त्या बियांतून आलेली पिढी अजून कोवळी आहे.

वळवानंतर

मेच्या शेवटी गडगडाट होऊन एखादी सर पडते आणि आठवड्याभरात खाली बघायची दिशा बदलते. पडलेली फुलं नव्हे, आता जमीन फोडून येणारी. रानहळदीचे तुरे येतात. एकपानीचं फूल आधी येतं, ते सुकलं की मग एकच पान उगवतं, म्हणून 'पान नाही' म्हणून नोंद टाळू नका. झाडांवर सीतेची वेणी लोंबते, नावासारखी, गुलाबी ठिपक्यांच्या गजऱ्यासारखी. ती नजरेच्या उंचीवर क्वचितच मिळते, जुन्या झाडांच्या जाड आडव्या फांद्या दुर्बिणीने एकेक तपासा.

या दिवसांत वाट सोडून एक पाऊलही टाकू नका. कोंब अजून पाचोळ्याखाली असतात आणि बुटाखाली गेलेला कंद त्या वर्षी पुन्हा फूल काढत नाही. वीज चमकू लागली तर एकट्या उंच झाडाखाली किंवा उघड्या कड्यावर थांबायचं नाही.

नेमका दिवस कसा कळावा? वेधशाळेपेक्षा दादरची मंडई बरी. ठाणे-पालघरकडच्या बायका टोपलीत शेवळं ही रानभाजी घेऊन बसायला लागल्या, शेजारी काकडांचा, म्हणजे तिच्यात घालायच्या आंबट रानफळांचा, वाटा दिसला, म्हणजे रानात शेवळाची जांभळट दांडी वर आली आहे. भाजी घेतलीत तर काकडं सोडू नका, नाहीतर घसा खाजेल. आणि येत्या रविवारी पहिली लोकल पकडा.